मागून येणारी हाक

चित्रलेखाने किटलीचं झाकण काढलं, आतून बोट फिरवलं आणि किटली परत टेबलावर ठेवत इंग्रजीत सांगितलं, ऐंशी डॉलर फार होतात, पन्नासला द्या.

टेबलामागच्या जपानी बाईंनी मास्कआडून नम्रपणे मान लववली. किंमत काही हलली नाही. कॅसल हिलच्या त्या हॉलमध्ये भरलेल्या जपानी बाजारात दुसरं कुणीच घासाघीस करत नव्हतं. तिला ते दिसत होतं, आणि म्हणूनच चेव चढला होता.

"सॉरी अबाउट माय वाइफ," यतिन बाईंना म्हणाला. मग हळूच मराठीत, "यांच्यात भाव करत नाहीत. अपमान वाटतो त्यांना."

ओसाकाला ऑनसाइट राहून आल्यापासून हा माणूस जपानचा जावई असल्यासारखा बोलायचा. पैसे हातात द्यायचे नाहीत, ताटलीत ठेवायचे. दिलेली सुटी नाणी मोजायची नाहीत. आणि बायकोचा चारचौघांत पाणउतारा केलेला चालतो वाटतं! चित्रलेखाच्या अंगाची लाही झाली.

किटली तिच्या बाबांसाठी होती. त्यांना जपान दाखवायचं ठरलं होतं, तेवढ्यात करोना आला आणि ते राहूनच गेलं. आता बाबा नाशिकला ऑक्सिजनवर होते आणि इंडियाहून इकडे येणारी विमानं बंद. करोनामुळे इथून देशाबाहेर जायलाही सरकारी परवानगी लागत होती; तिची काल आली. तिने फोन यतिनपुढे धरला, तर त्याने वाचलं आणि डिशवॉशर रिकामा करायला घेतला. महिनाभर हेच चाललं होतं. ती म्हणायची, मी जाते. तो म्हणायचा, परत कधी येशील याचा पत्ता नाही, सोहमची बारावी आहे. मग दारं आपटायची. 'जाऊ नकोस' म्हणाला असता किंवा 'मीही येतो' म्हणाला असता, तरी तिला चाललं असतं. पण ते त्याने म्हणायला हवं होतं.

"राहू दे," ती म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली.

तुळशीबागेत हा डाव कधी फसला नव्हता. रमतगमत चालायचं, मागे बघायचं नाही. दोन दुकानं ओलांडायच्या आत 'अहो ताई, या इकडे' अशी हाक येतेच. ती कागदी पंख्यांवरून गेली, मोची नावाच्या जपानी मिठाईच्या रांगेवरून गेली, दाराशी आली. तिथे मात्र तिला राहवेना, तिने वळून पाहिलं.

बाई तिच्याच दिशेने कमरेतून वाकल्या होत्या, गिऱ्हाइकाला निरोप देतात तशा. आणि यतिन ताटलीत नोटा ठेवत होता.

कागदात नीट गुंडाळलेली किटली घेऊन तो आला. पूर्ण पैसे मोजलेले दिसतच होते. ती भांडायला सरसावली.

"घे. बाबांना दे," तो म्हणाला. "गुरुवारचं तिकीट मिळतंय. सोहमचं मी बघतो."

"आणि परत यायचं?"

"ते तुझं तू ठरव."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागाला द्यायची उत्तरं तिच्याकडे होती, महिनाभर घोटलेली. तो मागे न बघता गाडीकडे चालू लागला.

"पुढच्या आठवड्यात गेले तर?" ती म्हणाली, पण इतकं हळू की मास्कच्या बाहेर काही गेलं नाही.