निर्व्यसनी गालाची काच

सोमवार, चतुर्थी, प्रदोष, दोन्ही एकादश्या हे उपास आणि गुरुवारी सूर्यास्तापर्यंत मौन. एवढं सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडात खोट निघेल, असं माझ्या तरी मनात आलं नव्हतं. खोट असायचीच तर ह्यांच्या. हे इथे देवासलाच कारखान्यात. तंबाखू मळून गालात ठेवल्याशिवाय ह्यांचं मशीन चालत नाही म्हणे! अलीकडे ह्यांचं तोंड इतकं आवळलं होतं की गुलाबजाम चमच्यानं तोडून खावा लागे. टेकडीवरच्या माताजींची ओटी भरली, नवस बोलले. डबी काही सुटेना.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात धारहून माझी भाची चारुलता आली. ती इंदूरच्या कॉलेजात संशोधन करते. गालाच्या आतून पेशी खरवडायच्या, काचेच्या पट्टीवर पसरून रंगवायच्या आणि भिंगाखाली बघायच्या.

"देख आत्या, पेशीच्या मधोमध ठिपका असतो. आईबापाकडून जे जे येतं ते सगळं त्यात. तंबाखू-सुपारीनं तो तुटतो आणि बाजूला बारके कण पडतात. कण जास्त, तेवढी खराबी जास्त."

तुलनेसाठी काही न खाणारी माणसंही तिला हवी होती. मी पदर खोचून पुढे झाले. "माझं घे. मी निर्व्यसनी."

हे हसले. "ठीक. हिची नि माझी काच शेजारी ठेव. माझी जास्त खराब निघाली, तर डबी सोडली. बोललो!"

मी मनातल्या मनात साखर वाटली. गंगाजलानं चूळ भरली. पोरगी म्हणाली, "नळाचं चाललं असतं गं."

ज्येष्ठ सरता सरता ती पुन्हा आली, चेहरा पाडून.

"आत्या, काचांची अदलाबदल झाली असं वाटून मी दुसऱ्यांदा मोजलं. तुझे कण आतोबांपेक्षा दोन-चार ज्यादाच. सच बता, तू काय खातेस?"

"मी काय खाणार? उपासाची भगर, दाणे..."

ह्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. "आणि तो अडकित्ता कुणाचा?"

"सुपारी म्हणजे काही खाणं नव्हे!" मी म्हणाले. "तिनं उपाससुद्धा मोडत नाही!"

आमच्या धारच्या घरात हाच नियम. पूजेत सुपारीचा गणपती मांडायचा, अक्षता टाकून त्याला निरोप द्यायचा; मग उरते ती नुसती सुपारी. वाया कशाला घालवायची? विसर्जन माझ्या गालात. आणि पोट रिकामं असलं की तल्लफ जास्त. म्हणजे जितके उपास, तितकी सुपारी.

"पण त्यात तंबाखू नाही गं!"

"सुपारी अकेली काफी आहे, आत्या."

"वा भिया!" ह्यांनी मांडीवर थाप मारून डबी काढली. "देवानं न्याय केला."

माझे डोळे भरून आले. चारुलता हळूच म्हणाली, "आतोबा, तुमची काच चांगली नाही निघाली. आत्याची पण वाईट निघाली, इतकंच." ह्यांनी ऐकलं, पण चिमूट मळलीच.

चातुर्मासात मी दरवर्षी आवडीचं काही सोडते. गेल्या साली वांगं सोडलं, ज्यानं मला पित्त होतं. त्याआधी फणस, जो देवासला मिळतच नाही. ह्या आषाढी एकादशीला सुपारी सोडली आणि अडकित्ता माळ्यावर टाकला. दुपारपर्यंत दूधवाल्यावर, मोलकरणीवर आणि एका चुकार गाईवर ओरडून झालं. माझा आवाज शेजाऱ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पुढचा गुरुवार ह्यांच्या सुट्टीचा. जेवण झाल्यावर ह्यांचा हात डबीकडे गेला. मला मौन, मी रिकामं तोंड मिटून समोर बसले आणि नुसती त्या डबीकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर ह्यांच्या काळजीनं नव्हे. तोंडाला पाणी सुटलं होतं.

"इंदू, अशी बघू नकोस."

मी बघतच राहिले.

"अगं, त्या दूधवाल्यासारखं मलाही ओरड एकदा!"

मग हे उठले, स्टुलावर चढले आणि डबी माळ्यावर अडकित्त्याशेजारी ठेवली. "कार्तिकीपर्यंत. पैज हरलो म्हणून नव्हे हं."

हे उतरताच मी स्टूल उचललं आणि शेजारच्या राजाबाईंकडे नेऊन ठेवलं. देवावर माझी श्रद्धा पूर्ण आहे. आम्हा दोघांवर तेवढी नाही.