डोंगराच्या खांद्यावरची रेघ

उपग्रहाच्या चित्रांतून जमिनीचे चमत्कारिक आकार शोधून काढणं हे तिचं काम. कुठे कड्याला आरपार पडलेलं भोक, कुठे ओसाड माळावर उठलेली वर्तुळं. ऑफिसात तिला पाठीमागे 'घार' म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. बावीस वर्षं नोकरी झाल्यावर माणूस एवढी मिजास करणारच.

ऑफिसचा एक नियम होता. प्रत्येक चित्र एकदा उलटं फिरवून बघायचं. ऊन चित्राच्या खालच्या बाजूनं आलेलं असतं आणि डोळा मात्र ते वरूनच येतंय असं धरून चालतो. मग खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. नवे लोक मुकाट्यानं चित्रं फिरवत बसायचे. तिनं ते केव्हाच सोडलं होतं. तिच्या डोळ्यांना म्हणे सवय झाली होती.

एक दिवस धाकट्या भावाचा फोन आला. तो खाणीच्या वस्तीत राहायचा, डोंगराच्या अगदी पायथ्याशी.

"ताई, वर भेग पडलीय म्हणतात. वरच्या आळीतले लोक सामान बांधून गेलेसुद्धा. तुझ्या चित्रात बघ की जरा."

तिनं बघितलं. डोंगराच्या खांद्यावर कोयत्यासारखी वाकडी रेघ होती, चांगली ठसठशीत. इतका सुबक आकार वर्षभरात हाती लागला नव्हता.

"भेग कसली रे, वेड्या? खडकाचा बांध आहे तो. उलट त्यानंच डोंगर धरून ठेवलाय. खुशाल झोप."

"आमची ताई म्हणाली म्हणजे झालं," भाऊ हसला. मग त्यानं एकेकाला फोन करून गेलेल्यांना परत बोलावलं.

तिनं ते चित्र कौतुकानं मोठं छापून घेतलं. तीन आठवड्यांनी ती जेवून परतली, तेव्हा ते टेबलावर पसरलेलं होतं आणि ती नेमकी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. तिथून चित्र उलटं दिसत होतं आणि त्यात बांध नव्हता. खोल, काळी खाच होती. डोंगराचा अख्खा खांदा मागच्या खडकापासून सुटला होता.

भावानं फोन लगेच उचलला.

"आत्ताच्या आत्ता बाहेर पडा सगळे. माझं चुकलं."

"नक्की ना, ताई? लोक जोड्यानं मारतील मला."

"मारू देत. नीघ."

त्यानं बायको-मुलांना पहिल्या ट्रकमध्ये बसवलं आणि स्वतः दारं ठोठावत फिरला. बरेच जण निघाले. वरच्या आळीतले हसले. म्हणाले, याचं हे रोजचंच झालंय. त्यांची समजूत घालायला तो तिसऱ्यांदा वर गेला, तेव्हा डोंगर खाली आला.

पाचव्या दिवशी शोध थांबवला. वहिनीनं शाळेच्या हॉलमधून फोन केला. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"किती सांगितलं, जाऊ नका. म्हणाले, मीच बोलावून आणलंय त्यांना." मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "ताई, एक विचारू? तुम्ही पहिल्यांदा बघितलंत तेव्हा भेग नव्हतीच ना? नंतर पडली ना ती?"

खरं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. पण जीभ रेटेना.

"हो," ती म्हणाली. "नंतर पडली."

"मुलांना तसंच सांगते मग," वहिनी म्हणाली.