पाचगावपर्यंतचा गारवा

मी एक जुना एसी आहे. भिंतीवर ऐटीत बसणारा नव्हे, तर एका पांढऱ्या मोटारीच्या पोटात विखुरलेला. माझे काही अवयव बॉनेटखाली इंजिनाशेजारी भाजत असतात, तर काही डॅशबोर्डच्या मागे अंधारात दडलेले असतात. मित्रांनो, तुम्हाला माझे एक बटण आणि चार जाळ्या एवढेच दिसते. म्हणून माझे काही बिनसले, की जो तो आपल्या मनाने माझा रोग ठरवतो.

मी जन्मलो दूरच्या एका कारखान्यात, पण माझे खरे आयुष्य नागपुरात गेले. तेरा उन्हाळे मी इथे काढले. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचे स्टिअरिंग हाताला चटका देते, सीटच्या पट्ट्याच्या बक्कलाचे तर विचारूच नका. अशा वेळी मी सुरू झालो, की आत बसलेली माणसे डोळे मिटून "हाऽऽ" म्हणत. त्याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नाही.

गाडी धम्मदीपची. तो हिंगण्याच्या कारखान्यात कंपनीच्या बसने जातो. त्याची बायको माया एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आणि या घरातल्या सर्वांत मोठ्या म्हणजे धम्मदीपच्या आई, सिंधूताई.

सिंधूताईंचे आणि माझे सुरुवातीला मुळीच जमले नाही. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी तीस वर्षे कूलरसाठी खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या भरल्या होत्या. लाकडी चौकटीत खसची मुळे दाबून बसवायची, त्यांवर पाणी सोडायचे, की बाहेरची झळ आत येताना गार आणि सुगंधी होते. नागपुरातल्या महाल भागातल्या कितीतरी दुकानांना त्यांच्या हातची ताटी लागे. अशा बाईला माझे कसले कौतुक! "पाण्याबिगर गारवा? खोटा हाये हा," असे म्हणून त्या माझ्या तोंडावरच काच चार बोटे खाली करत. "कूलरले खिडकी उघडी लागते, मंग याले काहून नाही?" मी मेहनतीने केलेला गारवा त्या खिडकीतून रस्त्यावर जाई. मला फार राग येई, पण सांगणार कसा?

मागच्या मे महिन्यात सिंधूताई एसटीने उमरेडला लेकीकडे गेल्या आणि उन्हाने चक्कर येऊन स्टँडवरच पडल्या. तीन दिवस दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी बजावले, की यापुढे उन्हाळ्यात एसी नसेल तर प्रवास नाही. त्या दिवसापासून त्यांची नजर बदलली. गाडीपाशी आल्या, की त्या माझ्या जाळीवरून पदराने धूळ पुसू लागल्या. मला बरे वाटे. खोटे कशाला बोलू?

पण या उन्हाळ्यात मी आजारी पडलो. निघताना गारवा छान असे. अर्ध्या तासात वारा मंदावत जाई आणि उमरेड रस्त्यावर पाचगाव येईतो जाळीतून नुसता उसासा बाहेर पडे. शिवाय ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली पाणी साचे. आणि रविवारी दुपारी उमरेडला श्वेताचे लग्न होते. श्वेता ही सिंधूताईंच्या लेकीची, दीप्तीची मुलगी. दीप्ती दवाखान्यात नर्स, तिच्या ड्युट्या वेळी-अवेळी. त्यामुळे श्वेता दहावीपर्यंत आजीच्याच कुशीत वाढली होती.

गुरुवारी धम्मदीप गॅरेजमधून परतला. "चार दिवस नंबर नाही म्हणते. अन् भाड्याची गाडी लग्नसराईत कुठी भेटून राहिली? गॅस संपला असंन, नाहीतर काम्प्रेसर गेला." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आई, तू घरीच राय. व्हिडिओवर पायजो."

सिंधूताईंनी लग्नासाठी बाहेर काढून ठेवलेली पांढरी साडी परत कपाटात ठेवली.

"थांबा ना जरा," माया म्हणाली. "गेला, गेला करून राहिले, पण त्याले पायलं कोणी?"

शुक्रवारी सकाळी तिने कडुनिंबाच्या सावलीत बॉनेट उघडले. हातात कॉलेजमधून मागून आणलेला थर्मामीटर होता. तेरा वर्षांत पहिल्यांदाच मला कुणी काही विचारत होते! मला शब्द येत नाहीत. मी आवाजाने, थेंबाने आणि थंडीने बोलतो, आणि ही बाई ते ऐकायला बसली होती.

तिने इंजिन सुरू करून माझे बटण दाबले. 'टक्' असा आवाज झाला आणि कॉम्प्रेसर फिरू लागला. "म्हणजे काम्प्रेसर जित्ता हाये," ती म्हणाली. समोरचा पंखाही फिरत होता. मग तिने फिरत्या पट्ट्यापासून पदर आणि हात लांब ठेवून माझ्या दोन नळ्या चाचपल्या. बारीक नळी गरम, जाड नळी गार. अर्ध्या तासाने तर जाड नळीवर पांढरे बर्फ धरले. गॅसच्या नळीचे तोंड मात्र तिने उघडले नाही. आत मोठा दाब असतो, ते घरचे काम नव्हे, हे तिला माहीत होते.

"बर्फ जमून राहिला, मंग गारवा तयार होतेच," ती स्वतःशी पुटपुटली. "मंग आत काहून येत नाही?"

अगदी बरोबर विचारलेस, बाई! मी आनंदाने थरथरलो. तिने पंखा पूर्ण वेगावर केला आणि जाळीसमोर कागदाची पट्टी धरली. पट्टी जेमतेम हलली, आणि थर्मामीटर बावीस अंशांखाली उतरेना. मग तिने डाव्या बाजूचा खण काढला, मागचे झाकण उघडले आणि माझा फिल्टर बाहेर ओढला. तो माझा श्वास गाळतो. त्यावर काळ्या मातीचा आणि तपकिरी मुळांचा जाड गोधडीसारखा थर होता. तिने तो नाकाशी नेला. खस!

समोरच्या काचेखालच्या काळ्या जाळीत, जिथून मी बाहेरची हवा घेतो, तिथे बोटभर लांबीच्या खसच्या जुड्या खोचलेल्या होत्या. सुबक, एकसारख्या, दोऱ्याने बांधलेल्या. अशी जुडी या घरात एकच हात बांधत होता. दारात सिंधूताई उभ्या होत्या.

"म्याच ठुल्या वं," त्या म्हणाल्या. "रोज पाणी शिंपडत होती. याच्यानं गारवा वाढंन, अन् तुम्ही मले लग्नाले नेसान म्हणून." त्या पुढे आल्या आणि जाळीतली एकेक जुडी उपसू लागल्या. "माह्याच हातानं माही वाट बंद केली."

मला माझीच लाज वाटली. पाण्याचा एकेक घोट देऊन ज्या बाईने मला जपले, तिच्यावर मी आतल्या आत कुरकुरत होतो.

मायाने चूक काढली नाही. तिने फिल्टर झटकून सासूच्या हाती दिला. "आई, हे याची ताटीच होय. पण ही कोरडी ठुवा लागते. पाणी हा सोताच काढते, अन् आपण ते बाहेर जाऊ द्या लागते." मग तिने गाडीखालची तुंबलेली रबरी नळी दाबून मोकळी केली. भळाभळा पाणी अंगणात पडले. सिंधूताई डोळे पुसून ते पाहत राहिल्या. "खरंच पाणी असते वं याच्यात," असे म्हणून त्यांनी फिल्टर उलटसुलट केला. "हे तं फेकून द्याची ताटी झाली! नवी आण. बसवतो म्याच."

नवा फिल्टर त्यांनीच बसवला, कडा अंगठ्याने दाबून, ताटी बसवावी तसा. जाळीसमोरचा थर्मामीटर आता बावीसच्याही खाली उतरत उतरत नऊवर थांबला.

रविवारी उन्हात निघालो. पाचगाव जवळ आले. सिंधूताईंनी पांढऱ्या साडीचा पदर सावरून हात जाळीसमोर धरला. पाचगाव मागे गेले. त्यांनी हात काढला नाही. सवयीने दुसरा हात काचेच्या बटणाकडे गेला, तिथे क्षणभर थांबला आणि मांडीवर परतला. उमरेडला मांडवापाशी दार उघडले. नवरीचा साज केलेली श्वेता धावत आली आणि तिने आजीला मिठी मारली. "आजी, तुहं अंग किती गार लागून राहिलं वं!"

मित्रांनो, आता दर उन्हाळ्यात कूलर माळ्यावरून खाली उतरेल, त्याच दिवशी फिल्टरसाठी माझाही खण उघडायचा, असे सिंधूताईंनी ठरवले आहे. तुमच्या गाडीत माझा एखादा भाऊबंद असेल. तो थकला, तर लगेच 'गेला' म्हणू नका. हात लावून पाहा, कान देऊन ऐका, काय दुखते ते त्यालाच विचारा. आणि कुणी माया लावता लावता त्याचा श्वास कोंडला असेल, तर चूक काढताना त्या हाताला दुखवू नका.

माझ्या जाळ्यांतून अजून थोडा खसचा वास येतो. तो जाऊ नये, असे मला वाटते.