काढून टाकलेला चौकीदार

शुक्रवारी सकाळी दहाला पहिला खेळ लागला आणि मध्यंतराच्या जरा आधी नायकाने म्हाताऱ्या चौकीदाराचा गळा चिरला. आधीच्या प्रत्येक खुनाला शिट्ट्या पडल्या होत्या. या खुनाला एकही पडली नाही.

चौकीदार झालेला नट मागच्या रांगेत एकटाच बसला होता. उभी हयात पडद्यावरच्या गर्दीत उभं राहण्यात नाहीतर मरण्यात गेली. सेटवर सगळे त्याला मामा म्हणत. या वेळी प्रथमच तोंडी वाक्य मिळालं होतं, "कोण आहे तिकडे?" टेक देताना त्याने पदरचं आणखी एक जोडलं. अंधारातून आलेल्या नायकाला तो म्हणाला, "दमलेला दिसतोस रे बाळा. बस जरा." दिग्दर्शकाने ते राहू दिलं.

बाहेर येऊन त्याने मुलीला फोन लावला. आई गेली तेव्हा तो शूटिंगवर होता. तेव्हापासून ती कामापुरतंच बोले.

"या खेपेला बोललोय गं मी. बघशील?"

"मारामारी नाही बघवत मला, बाबा."

"माझ्यापुरतं बघ. मग ऊठ खुशाल."

"सोमवारी सुट्टी आहे. बघते."

रविवारच्या पेपरांनी चित्रपट सोलून काढला. रोख बहुतेकांचा एकाच जागी होता: मारायला आलेल्याला 'बस जरा' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला मारल्यावर नायकाच्या या सुडाची बाजू कोणी घ्यायची? नटाचं नाव कुठेच नव्हतं. तरी त्याने पेपर जपून घडी घालून ठेवले.

सोमवारी सकाळी सहायक दिग्दर्शिकेचा फोन आला.

"मामा, तुमचा प्रसंग काढला. आजपासून नवी प्रत लागतेय."

"काम वाईट झालं होतं का?"

"चांगलं झालं, तेच नडलं. लोकांना हिरोचाच राग यायला लागला."

"म्हणजे मेलेल्याला परत मारलंत की!" तो हसला. ती हसली नाही.

मुलीला कळवायला हवं होतं. 'जाऊ नकोस' एवढं त्याने लिहिलंही. तेवढ्यात तिचाच संदेश आला: 'संध्याकाळचं तिकीट काढलं.' त्याने लिहिलेलं पुसून टाकलं.

संध्याकाळी मध्यंतराच्या सुमारास फोन वाजला. पुन्हा संदेशच होता.

'बाबा, तुम्ही अजून पडद्यावर आला नाहीत. थांबते.'

चित्रपट सुटायला अजून तासभर होता. त्याने उत्तर दिलेलं नव्हतं.