तामूच्या बोटांचा फोन

"टेकवा ना बोट, खाल्ती."

"टेकवलंय की."

"जोरात नको. लोण्याला लावतो तसं हलकं."

तामूनं काचेवर बोट हलकं टेकवलं. मग घासलं. मग आतून कुणी दार उघडत नसल्यावर करतात तशी दोनदा टकटक केली. काचेतला हिरवा चौकोन जागचा हलला नाही. जिलालीनं आपलं बोट नुसतं जवळ नेलं, तर तो लगेच उघडला.

"फोन बिघडलाय," तामू म्हणाली.

"फोन धडधाकट आहे. हात दाखवा बघू."

तिनं दोन्ही हात दुकानाच्या दिव्याखाली धरले. बोटांची टोकं पिवळट, गुळगुळीत आणि शिंगासारखी टणक झाली होती. जिलाली हा फोन दुरुस्त करणारा माणूस, बाजारातल्या थोरल्या बायकांना खाल्ती, म्हणजे मावशी, म्हणणारा. त्यानं त्या हातांकडेही फोनकडे बघावं तसं पाहिलं.

"काचेला हे जिवंत माणसाचं बोट वाटतच नाही, खाल्ती. तिला वाटतंय, कुणीतरी लाकडाची काडी लावतंय."

"तेहतीस वर्षं ही बोटं तव्यावर आहेत. तव्यानं कधी तक्रार केली नाही."

सले शहराच्या जुन्या बाजारात तामूची वरक्याची टपरी होती. पिठाचा ओला, चिकट गोळा मुठीत धरायचा आणि तापलेल्या उलट्या तव्यावर टपटप टेकवत जायचा. टेकवेल तिथं पिठाचा पातळ ठसा उमटतो, ठशाला ठसा जोडत गेलं की पान होतं. ते बोटांनीच सोडवून उचलायचं. कागदाहून पातळ, पलीकडचं माणूस दिसेल असं. रमजानला अजून तीन आठवडे होते आणि सगळ्या बाजाराला आत्ताच वरका हवा होता, ब्रिवा, म्हणजे सारण भरलेल्या तळणीच्या पुड्या, करून ठेवायला.

पण तामू आज तवा विझवून आली होती, कारण तिला मुलाला लिहायचं होतं.

रिदवान तिचा एकुलता एक, जन्मापासून बहिरा. नदीपलीकडे रबातला बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकला आणि आता दूर तांजा शहरात एका शिवणकारखान्यात कापड बेततो. सगळं जग आपापल्या पोरांशी फोनवर बोलतं. आवाज भरून पाठवला की झालं. तामूच्या आवाजाचा रिदवानला उपयोग नव्हता. व्हिडिओवर खुणा चालायच्या, पण त्यांच्या घरच्या खुणा जेवलास का, ताप आहे का, कधी येतोस इथपर्यंतच. 'मी चुकले' याला त्यांच्या घरात खूणच नव्हती, कधी लागली नव्हती म्हणून.

म्हणून तर ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मशिदीतल्या वर्गात जाऊन अक्षरं शिकली. वाचायला आलं. लिहिताना मात्र पेन त्या गुळगुळीत बोटांतून निसटायचं आणि काच तर तिला दारातही उभी करत नव्हती. मग शेजारीण बतूल लिहून द्यायची. तामू बोलायची, बतूल काचेवर लिहायची, "गेलं," म्हणायची.

आणि दहा महिन्यांपूर्वी एक वाक्य असंच गेलं होतं.

रिदवाननं लिहिलं होतं, की कारखान्यात हस्ना नावाची मुलगी आहे, तीही बहिरी आहे, मला तिच्याशी लग्न करायचंय. तामूचे हात पिठात होते. ती तशीच म्हणाली, "लिही त्याला. बहिऱ्याला बहिरी. पोर रडलं तर ऐकणार कोण? भिंती?" आणि उत्तर बघायलासुद्धा न थांबता पाठ फिरवून तव्याकडे गेली.

पुढे मोठ्या ईदला तो आला. दोन दिवस राहिला, जेवला, छतावरची दोरी बांधून दिली. जेवताना सारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिला वाटलं, जाब विचारतोय. तिनं त्याच्या ताटात आणखी मांस वाढलं. तो परत गेला आणि हस्नाचं नाव पुन्हा निघालं नाही.

तामूला माफी मागायची होती. आणि ती बतूलला सांगून लिहून घ्यायची नव्हती. शेजारणीसमोर रागावता येतं, पण एवढं वाकणं तिला जमेना.

"जिलाली, पोरा, माझ्या बोटांचं काहीतरी कर."

जिलालीनं थोडा विचार केला, मग खालच्या कप्प्यातून एक छोटा, जाडसर फोन काढला. वर इवलीशी काच आणि खाली दाटीवाटीनं बटणं, डाळिंबाचे दाणे बसवावेत तशी. प्रत्येक बटणावर अरबी अक्षर.

"आखातातून परतलेल्या एका माणसाचा आहे. असे चार घेतलेत मी. कुणी हात लावत नाही, सगळ्यांना मोठी काच पाहिजे. तुम्ही आठवडाभर वापरा. मग कसा वाटला ते माझ्या फोनसमोर बोला, मी दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर लावतो. आवडला तर बघू पुढचं."

तामूनं एक बटण दाबलं. टक्. काचेवर अक्षर उभं राहिलं. तिनं दुसरं दाबलं. तेही आलं.

"हा ऐकतो," ती म्हणाली.

जिलालीनं जुन्या फोनमधलं सिम काढून त्यात घातलं, मग बराच वेळ दोन्ही फोन शेजारी ठेवून काहीबाही केलं. तामू तोवर 'तामू, तामू, तामू' लिहीत बसली होती.

पुढचे पाच दिवस दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ती हात धुवायची, पदराला पुसायची आणि टपरीतल्या खोक्यावर बसून बटणं शोधायची. सुरुवातीला एका शब्दाला चहाचा अख्खा पेला गार व्हायचा. तिसऱ्या दिवशी अंगठ्यांना घरं कळायला लागली, अंधारात जिन्याच्या पायऱ्या कळतात तशी. रोज ती माफीचं पहिलं वाक्य लिहायची, वाचायची आणि पुसायची.

सहाव्या दिवशी जिलाली स्वतःच टपरीवर आला आणि फोन तिच्या तोंडासमोर धरला.

"नाव सांगा, आणि फोन कसा वाटला ते."

"नाव तुला माहीत आहे."

"लोकांना सांगा, खाल्ती."

"लोकांनाही माहीत आहे."

"बरं, फोनबद्दल बोला."

तामूनं डोक्यावरचं फडकं सारखं केलं. "लहान आहे. मुठीत मावतो. खिशात टाकला की आहे का पडला, हे दोनदा चाचपून बघावं लागतं. बटण दाबलं की दाबल्यासारखं वाटतं. आपण बोलावं आणि समोरच्यानं मान हलवावी, तसं. काच नुसती थोबाडाकडे बघत राहायची."

"छान, छान."

"फटीत पीठ जातं. मी काडीनं काढते. अक्षर मुंगीएवढं आहे. फोटो वाईट काढतो. बतूलचा काढला तर ती म्हणाली, ही माझी सासू कुठून आली."

"खाल्ती, मला विकायचेत हो ते."

"मग तू बोल. मला विचारलंस तर मी खरंच सांगणार. आणि हा आगाऊ आहे. मी एक शब्द लिहिते, हा मला न विचारता दुसराच करून ठेवतो. मशिदीतली बाई निदान विचारायची तरी."

जिलाली हसत हसत खोक्यावर बसला. "ते बंद करून देतो. आणि हे बघितलंत का? मधलं काळं बटण वर सरकवायचं. जुनं सगळं दिसतं. तुमच्या आधीच्या फोनमधलं आणलंय मी यात."

"सगळं म्हणजे?"

"मुलाशी झालेलं सगळं. तीन वर्षांचं."

काचेच्या फोनवर तामूला फक्त शेवटचं आलेलं वाचता यायचं. वर सरकवायला काच तिचं ऐकायची नाही. जिलाली गेल्यावर तिनं काळं बटण वर सरकवलं. महिने सर्रकन खाली गेले. कशी आहेस, बरी आहे. कसा आहेस, बरा आहे. नळाला पाणी आलं का, आलं. मग ईद. मग ईदच्या आधी ते हस्नाचं नाव.

त्याच्या खाली आपलं वाक्य असणार हे धरून तिनं एकेक अक्षर जुळवत वाचलं.

'आई म्हणते, थोडं थांब. मी विचार करून सांगते. नीट जेवत जा.'

खाली त्याचं उत्तर होतं, तेव्हा तिनं लाजेनं न वाचलेलं आणि मग पुढच्या निरोपांमागे गेलेलं. 'बरं आई. तू सांगशील तोवर थांबतो.'

तामूनं पुन्हा वाचलं. भिंती नव्हत्या. रडणारं पोर नव्हतं. ती फोन हातात घेऊन तशीच उठली आणि दोन दारं सोडून बतूलच्या घरी गेली. बतूल उंबऱ्यात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती.

"तू ते लिहिलंच नव्हतंस."

बतूलनं फोनकडे पाहिलं, मग शेंगांकडे. काय ते विचारलं नाही. "नाही लिहिलं."

"गेलं म्हणालीस मला."

"गेलंच की. काहीतरी गेलं." तिनं एक शेंग मोडली. "तामू, तव्यावरचं पहिलं पान तू कुणा गिऱ्हाईकाला देतेस का? मांजराला टाकतेस. तवा नीट तापलेला नसतो म्हणतेस. तसंच तुझं रागातलं पहिलं वाक्य मी टाकलं. दुसरं येईल म्हणून थांबले. तू आलीच नाहीस."

"मला लाज वाटत होती."

"मला काय माहीत? मला वाटलं, तुझा नकार पक्का आहे. आणखी विचारलं असतं तर तेच वाक्य पुन्हा लिहायला लावलं असतंस."

तामू तिच्या शेजारी उंबऱ्यात टेकली. तिनंही मूठभर शेंगा सोलायला घेतल्या.

"दहा महिने थांबलाय तो," तामू म्हणाली. "ईदला माझ्या तोंडाकडे बघत होता. मी काय सांगते म्हणून बघत होता गं. मी मांस वाढत बसले."

बतूलनं हातातली शेंग खाली ठेवली. "तो दोष माझ्याही पदरात घाल. थांब असं मी लिहिलं. किती ते लिहिलं नाही."

"तुझ्या पदरात काय घालायचं? शेंगा आहेत तिथं."

"दे इकडे, मी लिहून देते आत्ताच्या आत्ता."

"नको," तामू म्हणाली. "हे माझं मी लिहिते."

त्या दिवशी दुपारनंतर टपरी उघडली नाही. वरका मागायला आलेल्या दोन बायका बंद फळीवर थाप मारून गेल्या. आत खोक्यावर बसून तामू अंगठ्यांनी लिहीत होती. माफीचं वाक्य आता तसं नको होतं. त्याच्या हातात कधी न पडलेला दगड काढून दाखवण्यात अर्थ नव्हता. पण तो दगड कुठून आला, हे तिला माहीत होतं आणि ते तिनं बतूललाही कधी सांगितलं नव्हतं. रिदवानच्या उजव्या तळहातावरचा डाग गरम चहा सांडल्याचा, असंच ती सगळ्यांना सांगत आली होती.

'रिदवान,' तिनं लिहिलं. 'तू दोन वर्षांचा होतास. तव्याकडे गेलास. मी ओरडले. तू वळला नाहीस. पुन्हा ओरडले. तू तव्यावर हात ठेवलास. तुला ऐकू येत नाही हे मला तेव्हा कळलं. हस्नाचं सांगितलंस तेव्हा मला तेच आठवलं. मी घाबरले म्हणून गप्प बसले. तुला उगीच थांबवलं. पोर झालं तर मी आहे. रडलं की मला ऐकू येतं. साखर घेऊन तिच्या घरी कधी येऊ?'

मागणी घालायला जाताना निळ्या कागदात गुंडाळलेले साखरेचे उंच सुळके न्यावे लागतात. ते कुठून घ्यायचे, हे तिनं लिहिता लिहिताच ठरवून टाकलं होतं. अस्रची, दुपार कलल्यावरची बांग झाली तेव्हा शेवटचं टक् झालं. तिनं एकदा वाचलं. एक शब्द चुकलेला होता, तो तसाच ठेवला आणि पाठवलं.

संध्याकाळी काही आलं नाही. सकाळीही नाही. सकाळी तिनं तवा पेटवला, कारण गिऱ्हाईक गल्लीच्या वळणापर्यंत उभं होतं. बतूल काही न विचारता येऊन शेजारी बसली आणि सुटलेल्या पानांना तेल लावून एकावर एक रचायला लागली. फोन पिठाच्या परातीजवळ पाठीवर पडला होता.

तो थरथरला तेव्हा तामूच्या मुठीत गोळा होता.

"बघू का मी?" बतूलनं विचारलं.

"थांब."

तिनं उजव्या हातातला गोळा डाव्या हातात घेतला आणि पीठ लागलेल्या अंगठ्यानंच बटण दाबलं. टक्. अक्षरं नव्हती, व्हिडिओ होता. कारखान्यातलं लांब टेबल, कापडाचे ढीग आणि त्यांच्यापुढे रिदवान. त्याचे डोळे सुजलेले दिसत होते. त्याच्या शेजारी हिरवं फडकं बांधलेली एक मुलगी, दातांत फट असलेली.

रिदवाननं मूठ वळली आणि हवेत टपटप टेकवली, गोलाकार, ठशाला ठसा जोडत. अगदी लहान असल्यापासून त्याची आईसाठीची खूण तीच होती. बहिऱ्यांच्या शाळेनं दुसरी शिकवली, पण घरात त्यानं ती कधी वापरली नाही. त्यानं मुलीकडे बोट केलं. मुलीनं मूठ वळली. बावरून, भराभर, चुकीच्या हातानं तीही हवेत टेकवायला लागली.

रांगेतली पहिली बाई फळीवरून वाकून बघत होती. मागचे लोक थांबलं कशाला म्हणत होते. तवा तापून धुरायला लागला होता.

"हळू," तामू त्या इवल्याशा काचेला म्हणाली. "हळू गं. एवढ्या घाईनं पान फाटेल."