परतीच्या चिंध्या

आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा त्यांच्या कचऱ्याला जास्त मान. पाहुणे जंगलातून आले की अंघोळीला पळतात आणि त्यांचं पोतं येतं माझ्याकडे, मागच्या खोलीत, मोरीजवळ. मी ते फरशीवर ओतते आणि निवडत बसते. प्लास्टिक इकडे, कागद तिकडे, ओलं बादलीत. नवरा आणि दीर, दोघांचा मिळून हा धंदा, खाडीच्या जंगलात लोकांना पायी फिरवायचा. मोजकीच माणसं न्यायची, आरडाओरडा करायचा नाही, फांदी तोडायची नाही, झाडावर रंगाचे बाण काढायचे नाहीत. आत नेलेलं सगळं बाहेर आणायचं, आणि दुसऱ्या कोणी टाकलेलं दिसलं तर तेही. एका पाहुणीने केळ्याचं साल भिरकावलं, तर दिराने गुडघाभर चिखलात उतरून ते काढलं आणि अगदी नम्रपणे तिच्या हातात ठेवलं. मी म्हणायचे, तुम्ही दोघं भाऊ आत श्वास तरी सोडता का, की तोही पिशवीत भरून आणता?

दिराला सगळे शेपूट म्हणतात. नवरा रांगेत पुढे, हा कायम शेवटी. शेवटच्याने दर थोड्या वेळाने मागे वळून बघायचं, माणूस राहिलं नाही ना आणि कचरा राहिला नाही ना, असा त्याचा नियम. मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत जायचा, माझ्या हातच्या डब्यावर वाढला. म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. फक्त रागावले की भाऊजी म्हणते, आणि भाऊजी म्हटलं की तो गपगुमान ऐकतो.

त्या आठवड्यात वादळ होऊन गेलं होतं. ओळखीची झाडं आडवी झाली, जुनी वाट बुजली. तेव्हा असं ठरलं, की शेपटाने सकाळी लवकर एकट्याने पुढे जाऊन वाट बघायची, मागून नवरा पाहुण्यांना घेऊन येणार, आणि दुपारी मोठं झाड आडवं पडलंय तिथे सगळ्यांनी भेटायचं. मला काही ते पटेना. खारफुटीत सगळी झाडं एकसारखी, आणि भरतीचं पाणी चढलं की पावलांचे ठसेसुद्धा राहत नाहीत. मी माझा जुना नारिंगी गाऊन टराटरा फाडला, पट्ट्या केल्या आणि त्याच्या पिशवीत कोंबल्या. म्हटलं, जाताना बांध, येताना सोड.

तो हसायला लागला. दादाला कळलं तर मला घराबाहेर काढेल, म्हणाला, आपण झाडांना दोरासुद्धा बांधत नाही म्हणून लोकांना सांगतो आणि मी वहिनीचा गाऊन बांधत फिरू? मी म्हटलं, भाऊजी. मग त्याने पिशवी खांद्याला लावली. दादाला बोलायचं नाही एवढी अट घातली. मीही बोलले नाही. उगाच दोघा भावांत वाद कशाला?

दिवेलागणीला मंडळी परत आली. शेपूट नव्हता.

नवरा म्हणाला की पडलेल्या झाडापाशी वाट बघून बघून थकलो, शिट्ट्या मारल्या, उत्तर आलं नाही. पायाखाली पाणी यायला लागलं तेव्हा पाहुण्यांना घेऊन माघारी फिरावंच लागलं. पाहुणे आधी बाहेर काढायचे, हा नियमही दोघा भावांनी मिळूनच केलेला. तो तडक होडीवाल्याकडे गेला. होडीवाल्याने हात जोडले. आता भरती चढतेय, आत गेलात तर उद्या एकाऐवजी दोघांना शोधावं लागेल, म्हणाला. पाणी उतरेल उजाडताना, तेव्हा मी स्वतः येतो. नवरा पायरीवर बसला, बूट तसेच पायात.

खरं सांगते, मला तेव्हा एवढी भीती वाटली नाही. माझ्या मनात पट्ट्या होत्या. भरती आहे तोवर झाडावर चढून बसेल, पाणी उतरलं की पट्टी बघत बघत येईल, आणि मग मी त्याची अशी खरडपट्टी काढेन की ज्याचं नाव ते. नवऱ्यालाही सांगून टाकावं, जरा धीर येईल, असं ठरवलं. पण हाताला काम हवं होतं, म्हणून आधी पोतं ओढलं.

पोतं द्यायला बाई स्वतः आल्या होत्या. या निवृत्त मुख्याध्यापिका, पाहुण्यांतल्या सगळ्यांत उत्साही. शेपूट पुढे जाणार म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी त्यांना शेवटच्या माणसाचं काम शिकवलं होतं, आणि बाईंनी ते परीक्षेसारखं मनावर घेतलं होतं. बिचाऱ्या दमल्या होत्या, त्याच्या काळजीनेही खचल्या होत्या, तरी सांगत होत्या की लोक किती घाणेरडे असतात हो, जाताना झाडांच्या मागच्या बाजूला चिंध्या बांधून ठेवल्या होत्या कुणीतरी. पुढे चालणाऱ्याला दिसतच नव्हत्या. मी शेवटी होते, वळून बघत होते म्हणून मला दिसल्या.

"एकसुद्धा सोडली नाही मी," बाई म्हणाल्या. "पडलेल्या झाडापर्यंतच्या सगळ्या काढल्या."

मी पोतं उलटं केलं. माझा गाऊन फरशीवर पडला.

त्याने त्या मागच्या बाजूला का बांधल्या, हे मला कुणी सांगायला नको होतं. जाणाऱ्यासाठी नव्हत्याच त्या, येणाऱ्यासाठी होत्या. मला बाईंच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, इतका राग आला. पण काय बोलणार? त्याने शिकवलं तसंच तर केलं होतं त्यांनी, तसूभरही चुकल्या नव्हत्या. बाईंना माझ्या तोंडावरून कळलं असावं. त्या तिथेच, ओल्या फरशीवर, मटकन बसल्या.

नवरा दारात उभा होता. त्याने गाऊन ओळखला.

"मला का नाही सांगितलंस?"

ती रात्र आम्ही दोघांनी पायरीवर काढली, एकमेकांना न शिवता.

उजाडताना पाणी उतरलं होतं. होडीवाल्याने आम्हाला जंगलाच्या तोंडाशी सोडलं आणि तो खाडीच्या कडेने शोधत गेला. आम्ही पडलेल्या झाडापर्यंत पोचलो. त्याच्या पलीकडे पट्ट्या असायला हव्या होत्या. नव्हत्या. नुसता एका सालीला नारिंगी दोरा अडकलेला. म्हणजे शेपूट इथवर आला होता. सांगितलं तसं एकेक सोडत, सगळ्या गोळा करत, शहाण्यासारखा आला होता. मंडळी माघारी फिरल्यावर आला असणार. आणि इथून पुढे घराच्या वाटेवर बांधलेलं त्याला काहीच सापडलं नव्हतं.

मी मागे वळले आणि मला ती दिसली. झाडापासून डाव्या हाताला, खाडीकडे, एका खोडाला नारिंगी पट्टी, गुडघ्याएवढ्या उंचीवर. वाट चुकू नये म्हणून त्याने गोळा केलेल्या पट्ट्या पुन्हा बांधायला घेतल्या होत्या. घर होतं उजवीकडे.

नवऱ्याचा हात सवयीने गाठीकडे गेला. मी मनगट धरलं त्याचं.

मग आम्ही चार पावलं चालायचो आणि वळून बघायचो, कारण त्या मागूनच दिसत होत्या. पुढची पट्टी कमरेशी होती. त्याच्या पुढची माझ्या छातीशी. नवरा आधी त्याच्या नावाने हाका मारत होता. छातीशी बांधलेली पट्टी दिसल्यावर थांबला. आमच्या पायांखाली नुसता ओला चिखल होता, पण पट्ट्या वर वर चढत होत्या, रात्री पाणी चढत गेलं तशा.

शेवटची खाडीच्या अगदी काठाला होती. मी टाचा उंचावल्या तरी हात पोचत नव्हता. त्या झाडावर कुणी नव्हतं. शेजारच्यावरही नव्हतं. पुढे पाणी, सपाट, आणि लांबवर होडीवाल्याची होडी, एकटीच फिरत असलेली.

नवरा खोडाला मिठी मारून वर सरकला. निदान ही तरी घरी नेऊ दे, म्हणाला. त्याची बोटं गाठीला लागली होती.

"खाली या," मी म्हटलं. "ती राहू द्या तिथेच. येताना तो सोडेल."