खळीचा सांधा

मित्रांनो, मला जुना म्हणा, जड म्हणा, हवे तर अडगळ म्हणा. पण बंद पडलेला म्हणू नका. मी स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे. कॅसेटवाले चिमुकले टेप तुम्ही पाहिले असतील. माझ्यापुढे ती कालची पोरे. माझ्या अंगावर दोन मोठी चाके बसतात. एका चाकावरची तपकिरी फीत माझ्या हेडवरून घासत जाते आणि दुसऱ्या चाकावर गुंडाळली जाते. मला उचलायला दोन हात लागतात, आणि कोणी एका हाताने ओढले तर मला राग येतो.

आज १९८८ साली मी भंडाऱ्यात, मोतीलाल आणि खेमराज या विणकर भावांच्या घरी, मागाच्या खोलीतल्या फळीवर आहे. मोतीलालच्या मुलीच्या, वच्छलाच्या, पदरावर पडलेल्या पट्टीची गोष्ट या घरात नेहमी सांगतात, पण चुकीची सांगतात. खरी गोष्ट मी पाच वर्षे पोटात ठेवली. आता तुम्हाला सांगतो.

मी जन्मलो समुद्रापलीकडे. भंडाऱ्याला मला आणले ते जवळच्या एका कारखान्यातल्या साहेबांनी, १९७४ मध्ये. साहेब एकटे राहत आणि त्यांना शौक एकच होता, फंक. अमेरिकेतल्या काळ्या वादकांनी घडवलेले हे नाचाचे संगीत. जाड तारांची गिटार खाली घुमत राहते, ढोल नेटाने चालतो, पितळी वाजंत्री मध्येच ओरडून गप्प होते, आणि चार ठोक्यांपैकी पहिल्यावर सगळे मिळून भार टाकतात. तो पहिला ठोका हुकला की बाकी सगळे फुकट, असे साहेब म्हणत.

एकदा साहेबांनी आईसाठी सांगितलेली साडी घेऊन खेमराज बंगल्यावर आला. तेव्हा तो पंचविशीचा होता. मी वाजत होतो. काखेतले गाठोडे तसेच धरून तो दारात उभा राहिला, आणि गाणे संपल्यावर म्हणाला, “साहेब, हा तं आमच्या मागाचा आवाज हाये!”

साहेब हसले, पण त्यांनी त्याला बसवून घेतले. मग दर रविवारी खेमराज हजर. एक शब्द कळत नव्हता, तरी कोणत्या गाण्यात गिटार कुठे थांबते ते त्याला पाठ झाले. एका रविवारी साहेबांनी मोठी तबकडी लावली. तिच्या एका बाजूला एकच गाणे होते. तीन मिनिटांचे मूळ गाणे, नाचणाऱ्यांसाठी लांबवलेले.

“गानं लांबवता येते?” खेमराजने डोळे मोठे केले.

“येतं. फीत कापायची, आवडता तुकडा पुन्हा पुन्हा जोडायचा.”

“जोडाचं काम तं आमच्याच घरचं, साहेब.”

१९७९ साली साहेबांची बदली झाली. मोठ्या तबकड्या त्यांनी नेल्या. मला मात्र, एक जुना रेकॉर्ड प्लेअर, चार लहान तबकड्या आणि फीत जोडायच्या चिकटपट्टीचे एक छोटे रीळ यांच्यासह, त्यांनी खेमराजच्या हवाली केले. खेमराजने त्यांच्या खांद्यावर स्वतः विणलेली शाल घातली. दोघांचेही डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण मला डोळे नाहीत.

मागाच्या खोलीत माझे स्वागत काही फार चांगले झाले नाही. तिथे दोन भावांचे दोन माग शेजारी शेजारी होते. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसतो, पायाने पावड्या दाबतो, एका हाताने आडव्या धाग्याचा धोटा फेकतो आणि दुसऱ्या हाताने हात्या ओढून धागा घट्ट बसवतो. कोपऱ्यात मोतीलालची बायको जानकीबाई चरख्यावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसे. पहिल्याच दिवशी ती कडाडली, “काय हे धाडधूड लावलं, भाऊजी! घरातलं दूध फाटन!”

मोतीलाल घरातला थोरला, फार कमी बोलायचा. त्याने नुसते माझ्याकडे पाहिले आणि धोटा फेकला.

अडचण वेगळीच निघाली. गाणे तीन मिनिटांत संपे. ते पुन्हा लावायला खेमराजला खड्ड्यातून वर यावे लागे, आणि हाताची लय मोडे. म्हणून त्याने गाणे लांबवायला घेतले. तबकडीवर ढोल आणि गिटार एकटे वाजतात त्या जागी तो सुई पुन्हा पुन्हा ठेवी, मी ते टिपून घेई, मग तो ब्लेडने फीत कापून तुकड्याला तुकडा चिकटवी. सहा महिने हे चालले. शेवटी अर्ध्या तासाचे गाणे तयार झाले आणि चिकटपट्टीचे रीळ संपले. एकही सांधा ऐकू येत नव्हता! मी जाम फुगलो. या घरात कापड विणतो तो खरा मीच, असे मला वाटू लागले.

मग १९८२ च्या पावसाळ्यात खेमराजला मुदतीचा ताप आला. तो वाचला, पण उजव्या हाताला थरथर लागली. हात्या कधी जोराने बसे, कधी हलका. तसे झाले की कापडावर आडवी रेघ उमटते. विणकर तिला पट्टी म्हणतात. माझे गाणे चालू असले की हात स्थिर राही. गाणे थांबले की थरथर परत येई. मोतीलालने त्याला मागावरून उठवून कांड्या भरायला बसवले. चरख्याजवळ मान खाली घालून बसलेला खेमराज मला पाहवत नसे.

पुढच्या वैशाखात मोतीलालची मुलगी वच्छला हिचे लग्न ठरले. मुलगा एकोडीचा, धानाच्या शेतीवाला. या घरची रीत अशी की मुलीच्या लग्नाच्या साडीला पदराची शेवटची वीतभर जरी तिच्या काकाने विणायची, आणि तीही एका बैठकीत, मागावरून न उठता. त्याला तासभर लागतो.

“दुसऱ्या कोनाले बसवतो,” मोतीलाल म्हणाला.

“नाही, दादा. मीच बसतो,” खेमराज म्हणाला. “पट्टी पडली तं मी जन्मात मागावर बसनार नाही. शब्द देतो.”

“शब्द देऊ नोको, खेम्या.”

“देल्ला.”

आता तासभराचे गाणे हवे होते, आणि हाताशी होते अर्ध्या तासाचे. खेमराजने उरलेला भाग आठवडाभरात जोडला. वच्छला म्हणाली, “काका, चिकटपट्टी नागपूरवरून मागवू ना.” त्यावर तो हसला. “ज्या खळीनं हजार लुगडे सांभाळले, तिले एक फीत नाही सांभाळत काय?” आणि त्याने तांदळाची खळ घेतली, जी विणकर ताण्याच्या उभ्या सुताला लावतात, आणि तिनेच फितीचे चाळीस सांधे चिकटवले.

मित्रांनो, ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. सूत खळ पिते. माझी फीत गुळगुळीत, ती काहीच पीत नाही. ओली होती तोवर खळ धरून राहिली. एकदा लावून पाहिले तेव्हा सगळे सांधे नीट गेले, आणि खेमराज निर्धास्त झाला. पण वैशाखाच्या उन्हात चार दिवस गेले. चाकावर गुंडाळलेल्या फितीत खळ वाळत होती, तडकत होती. ते मला जाणवत होते, पण सांगणार कसे?

तो दिवस उजाडला. दुपारी खेमराज खड्ड्यात उतरला. मोतीलाल दारात उभा राहिला. सगळ्यांची नजर दिव्याकडे होती, कारण लाईन जाण्याची भीती होती. वच्छलाने माझे बटण दाबले.

पहिला अर्धा तास सुरेख गेला. पहिल्या ठोक्याला हात्या बसे, जरीची ओळ घट्ट होई. खेमराजचा हात जराही हलत नव्हता. जानकीबाईने तर दोनदा देवाला हात जोडले. दिवा जळत होता म्हणून सगळे खूश होते. मी मात्र आतून घाबरलो होतो.

मग खळीचा पहिला सांधा हेडवर आला. चर्र असा बारीक आवाज झाला आणि पांढरी भुकटी माझ्यावर पडली. सांधा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याचे टोक उचलले होते, तरी गेला. भुकटी साचत चालली तसा माझा आवाज दबू लागला. खेमराजने मान वर केली.

“काय झालं बे याले?”

“तुमी खाली पाहा, काका,” वच्छला म्हणाली.

मी सांधे मोजत होतो. दहा. अकरा. थांबावे तर पट्टी पडणार, चालावे तर फीत तुटणार. मला इतके असहाय कधी वाटले नव्हते. वीस. एकवीस. वीतभर जरीतली चार बोटे उरली होती. सव्विसावा सांधा आला, अर्धा उलगडलेला. मी त्याला अगदी अलगद घेतले. पण चाकाची ओढ माझ्या हाती नव्हती. फीत तुटली.

चाक मोकळे फिरू लागले आणि फितीचे टोक फटफट आपटू लागले. वच्छलाने धावत येऊन मला बंद केले. खेमराजचा हात हात्यावर होता आणि तो थरथरू लागला होता. त्याने एक धागा फेकला, हात्या ओढला. ठोका तिरपा बसला. मी ऐकला.

तेवढ्यात मोतीलाल दारातून आत झेपावला. त्याच्या मागावरचा ताणा आदल्याच दिवशी उतरला होता, माग रिकामा होता. तो सरळ स्वतःच्या खड्ड्यात उतरला आणि त्याने रिकामा हात्या ओढला. धाड! मग तीन हलके ठोके, आणि पुन्हा धाड! “थांबू नोको, खेम्या,” तो म्हणाला. “इकडं आयक. मी देतो, तू बसव.”

ते माझेच गाणे होते. या माणसाने चार वर्षे त्याच्याविषयी चकार शब्द काढला नव्हता, आणि त्याला ते सगळे येत होते! जानकीबाईने पाण्याचा पितळी गुंड पुढे ओढला आणि रिकाम्या कांडीने त्यावर वाजवू लागली, बरोबर तिथेच, जिथे पितळी वाजंत्री ओरडते. दूध फाटण्याची भीती असलेली हीच ती बाई. आयुष्यात पहिल्यांदा मी बंद होतो आणि गाणे ऐकत होतो. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला. खेमराजचा हात हळूहळू स्थिर झाला. चार बोटे जरी विणून झाली.

मोतीलाल वर आला. त्याने पदरावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबला. बारीकशी पट्टी होती. खेमराजनेही ती पाहिली. तो खड्ड्यातून वर आला आणि धोटा भावापुढे ठेवला.

“मी उठलो, दादा.”

मोतीलालने धोटा उचलला. मग म्हणाला, “ही तुही नाही. फीत तुटली तवा पहिला ठोका मी देल्ला, तोच हुकला. माह्या हातची पट्टी हाये ही. घे तुहा धोटा.”

जानकीबाईने नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा कांड्या भरायला बसली. वच्छला त्याच पदराने एकोडीला गेली. आणि तेव्हापासून या घरात सांगतात की मोतीलालचा ठोका हुकला म्हणून पट्टी पडली. नात्यातले लोक त्याला चिडवायचे, “काय बावा, पोरीच्याच पदरात पट्टी?” तो हसून घ्यायचा.

पण मित्रांनो, तो हुकलेला ठोका खेमराजचा होता. मोतीलालचा पहिला ठोका अगदी बरोबर पडला होता. मी खूप ठोके ऐकले आहेत, त्याच्याइतका नेमका क्वचितच.

दोन वर्षांपूर्वी मोतीलाल वारला. खेमराज आजही मागावर बसतो. त्याने नागपूरहून चिकटपट्टी आणली, हेडवरची भुकटी स्पिरिटने पुसली, खळीचे सगळे सांधे नव्याने जोडले. फक्त सव्विसावा तसाच तुटलेला ठेवला. तिथे फीत संपते. पुढची चार बोटे तो माझ्याशिवाय विणतो, आणि विणताना शेजारच्या रिकाम्या मागाकडे पाहतो. मला वाटते, खरी गोष्ट त्यालाही माहीत आहे.

म्हणून सांगतो, जुन्या वस्तू जपा. आम्हाला धुळीत टाकू नका, उन्हात ठेवू नका, आणि दुरुस्त करताना ज्याला जे लागते तेच द्या. तुमच्या घरची खळ कितीही चांगली असली तरी ती सगळ्यांना चालत नाही. आणि तुमच्या जवळच्या कोणाचा हात कधी थरथरला, तर त्याची पट्टी मोजत बसू नका. शेजारच्या मागावर बसा आणि पहिला ठोका द्या.